कण म्हणजे अवकाशाला पडलेली गाठ असते का? (वाचक विचारतात)

यावेळी आलेले बरेच प्रश्न एकाच विषयाभोवती फिरणारे होते, गुरुत्वाकर्षण, काळ-अवकाशाची भूमिती आणि क्वांटम, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या बारीक गोष्टींचे नियम. मागच्या अंकात कृष्णविवरावर लिहिलं होतं त्यामुळे असेल. मग ठरवलं की ह्या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवू आणि हेच नीट घेऊ.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी परभणीला बीएस्सी सेकंड इयरला आहे. आइनस्टाइनने दाखवलं की गुरुत्वाकर्षण हे बल नाहीच, तो काळ-अवकाशाचा वाकडेपणा आहे. मग इलेक्ट्रॉन, त्याचा स्पिन, क्वांटमचं ते सगळं विचित्र वागणं हे पण भूमितीतूनच का निघू नये? युट्यूबवर एक जण सांगायला होता की कण म्हणजे स्पेसटाइमला पडलेली गाठ आहे आणि क्वांटम थिअरी वेगळी लागतच नाही. कॉलेजात विचारलं तर म्हणले सिलॅबसमध्ये नाही.

उत्तर : सिलॅबसमध्ये नसेल पण ह्या प्रश्नावर खुद्द आइनस्टाइनने आयुष्याची शेवटची तीस वर्षं घातली, त्यामुळे तुला तो पडला ह्याचा मला फार आनंद झाला.

आधी हे बघ की गुरुत्वाकर्षण भूमितीत बसलं ते का बसलं. लोखंडाचा गोळा टाक नाहीतर लाकडाचा, हवा नसेल तर दोन्ही सोबतच खाली येतात, म्हणजे पडण्याचा मार्ग वस्तू कसली आहे ह्यावर ठरतच नाही, तो जागेवर ठरतो, आणि जे फक्त जागेवर ठरतं ते जागेचाच गुण म्हणून मांडता येतं. आता समज एक माणूस परभणीहून निघाला, एक नांदेडहून, आणि दोघं नाकासमोर सरळ उत्तरेकडे चालत राहिले, डावीकडे नाही उजवीकडे नाही. सुरुवातीला दोघांचे रस्ते समांतर वाटतील, पण जसजसं वर जावं तसतसं त्यांच्यातलं अंतर कमी होत जाईल आणि उत्तर ध्रुवावर दोघांची गाठ पडेल. त्यांना कुणी एकमेकांकडे ओढलं का? नाही, जमीनच गोल आहे. १९१५ साली आइनस्टाइनने हेच काळ-अवकाश दोन्ही मिळून चार मितींमध्ये मांडलं. आणि त्यात काळाचा वाकडेपणा विसरू नको, आपण पृथ्वीवर जे पडणं रोज बघतो ते मुख्यतः त्यामुळेच, खाली घड्याळ हळू चालतं आणि वर जोरात. जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ वेगाचा आणि उंचीचा असे दोन्ही परिणाम धरून दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढं जातं, ती दुरुस्ती केली नाही तर मोबाइलचा नकाशा बिघडेल.

आता विजेचं बघ. त्याच जागी इलेक्ट्रॉन ठेवला तर तो एकीकडे पळतो आणि प्रोटॉन ठेवला तर उलटीकडे, म्हणजे मार्ग वस्तूवर ठरला, म्हणून वीज सरळसरळ चार मितींच्या भूमितीत बसत नाही. १९२१ साली कालुझाने पाचवी मिती घेतली आणि विजेची समीकरणं त्यातून बाहेर काढली, मग १९२६ ला क्लाइनने म्हटलं की ही पाचवी मिती बारीक वर्तुळासारखी गुंडाळलेली असेल, तिच्यावर लाट बसवायची तर पूर्ण संख्येतच लाटा बसतात, म्हणून विद्युतभारही ठरावीक एककाच्या पटीतच येतो. किती सुंदर आहे बघ हे! पण त्यात एक गोष्ट तुझ्या प्रश्नासाठी फार महत्त्वाची आहे. ती लाट कुठून आली? ती क्वांटममधून आली. म्हणजे भूमितीतून क्वांटम निघालं नाही, क्वांटम आधी आत घातलं आणि मग भूमितीने त्याला पूर्ण संख्या दिल्या.

हे लक्षात ठेवून आता गाठीकडे ये. तो व्हिडिओवाला अगदीच हवेत बोलत नाहीये, ह्या कल्पनेला चांगली वंशावळ आहे. १९३५ साली आइनस्टाइन आणि रोझेन ह्या दोघांनी कण म्हणजे अवकाशाच्या दोन पृष्ठांना जोडणारा पूल असावा असं लिहिलं, त्यालाच आपण आज वर्महोल म्हणतो. पुढं १९५५ ला जॉन व्हीलरने जिऑन काढला, म्हणजे स्वतःच्याच गुरुत्वाने स्वतःला धरून ठेवलेला ऊर्जेचा गोळा, आणि १९५७ मध्ये मिस्नर आणि व्हीलर ह्यांनी दाखवलं की वर्महोलच्या एका तोंडातून विद्युतक्षेत्राच्या रेषा आत गेल्या आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर आल्या तर लांबून बघणाऱ्याला एकीकडे ऋण भार आणि एकीकडे धन भार दिसेल, प्रत्यक्षात भार असा कुठंच नसताना.

स्पिनचं, म्हणजे कणाच्या अंगभूत फिरण्याचं, तर अजून मजेशीर आहे. इलेक्ट्रॉन किंवा न्यूट्रॉन ३६० अंश फिरवला तर तो पूर्ववत होत नाही, त्याच्या लाटेचं चिन्ह उलटं होतं, ७२० अंश फिरवावा लागतो, आणि हे १९७५ मध्ये न्यूट्रॉनवर प्रयोग करून बघितलेलं आहे. १९८० साली फ्रीडमन आणि सॉर्किन ह्यांनी दाखवलं की अवकाशालाच काही विशिष्ट प्रकारच्या गाठी असतील तर त्यासुद्धा असंच वागू शकतात, इलेक्ट्रॉन बाहेरून आणायची गरज नाही. पण इथंही तीच गोष्ट, त्यांनी त्या गाठींची क्वांटम अवस्था धरलेली होती, नुसती आइनस्टाइनची जुनी भूमिती नव्हे.

एक योगायोग मात्र असा आहे की तो मला विसरताच येत नाही. फिरणाऱ्या आणि विद्युतभार असलेल्या कृष्णविवराचं जे गणिती उत्तर आहे, केर-न्यूमन म्हणतात त्याला, त्यात चुंबकत्व आणि फिरणं ह्यांचं जे गुणोत्तर येतं ते २ असतं हे ब्रँडन कार्टरने १९६८ ला दाखवलं, आणि डिरॅकच्या क्वांटम समीकरणातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनचं गुणोत्तरही २ च! मग इलेक्ट्रॉन म्हणजे चिमुकलं कृष्णविवर आहे का? तर नाही जमत, कारण इलेक्ट्रॉनचा भार आणि स्पिन हे त्याच्या वस्तुमानाच्या मानाने इतके मोठे आहेत की त्या समीकरणात आकडे टाकले तर क्षितिजच, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही ती कृष्णविवराची सीमाच, उरत नाही, आतली अनंत वक्रता उघडी पडते.

आणि मग सगळ्यात मोठा अडसर, बेल. १९६४ साली जॉन बेलने सिद्ध केलं की प्रत्येक जागेची स्थिती मोजण्याआधीच ठरलेली आहे आणि कुठलाही परिणाम प्रकाशापेक्षा जोरात जात नाही असं धरलं, तर लांबलांबच्या दोन कणांच्या मोजमापांत जे साम्य दिसेल त्याला एक मर्यादा आहे. आइनस्टाइनची साधी भूमिती ह्या दोन्ही अटी पाळते. प्रयोगात मर्यादा मोडते, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि ह्याच कामासाठी आस्पे, क्लॉझर आणि झाइलिंगर ह्यांना २०२२ चं नोबेल मिळालं. म्हणजे ज्याला शुद्ध भूमितीतून क्वांटम काढायचंय त्याला भूमिती साधी ठेवून चालणार नाही. मार्क हॅडली ह्यांनी १९९७ मध्ये हाच रस्ता धरला, कणाच्या आत काळ स्वतःवरच वळून येतो असं माना म्हणाले, मग पुढं होणारं मोजमापसुद्धा कण काय आहे हे ठरवण्यात सामील होतं आणि क्वांटमचं तर्कशास्त्र त्यातून निघतं. मला हा विचार धाडसी वाटतो आणि आवडतोही, पण आइनस्टाइनच्या समीकरणांचं असं एकही नेमकं उत्तर कुणी लिहून दाखवलेलं नाही की ज्यातून इलेक्ट्रॉनचं वस्तुमान बाहेर पडेल. तो आकडा निघेपर्यंत ही आशा आहे, थिअरी नाही, आणि "क्वांटम वेगळं लागतच नाही" असं म्हणायचा हक्क अजून कुणालाच नाही.

प्रश्न : मॅडम, मी लातूरला हायस्कूलला विज्ञान शिकवते. मुलांना सांगते की क्वांटममध्ये एकच कण एकाच वेळी दोन वाटांनी जातो. परवा आठवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, मग बाई त्याचं वजन कोणत्या वाटेवर असतं? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : ताई, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण हा प्रश्न फाइनमनने १९५७ च्या चॅपेल हिलच्या परिषदेत जवळपास ह्याच रूपात भल्या भल्या लोकांसमोर ठेवला होता आणि आजही तो उघडाच आहे.

अर्धं उत्तर आहे ते आधी देते. पृथ्वीचं गुरुत्व अशा दोन वाटांनी जाणाऱ्या कणाला कसं लागतं हे १९७५ साली कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर ह्यांनी बघितलंय. सिलिकॉनच्या अखंड स्फटिकात न्यूट्रॉनची लाट दोन वाटांत फोडली आणि मग पूर्ण उपकरण तिरकं करत नेलं, म्हणजे एक वाट दुसरीपेक्षा थोडी उंच झाली. नुसत्या काही सेंटीमीटर उंचीच्या फरकाने दोन्ही लाटांचा मेळ बदलला आणि शेवटी मोजले जाणारे न्यूट्रॉन कमीजास्त झाले, हिशोबाप्रमाणे. म्हणजे गुरुत्व दोन्ही वाटांवर लागतं. आणि त्यात अजून एक बारकावा, त्या फरकाच्या सूत्रात न्यूट्रॉनचं वस्तुमान आणि प्लँकचा स्थिरांक दोन्ही येतात. वर मी त्या परभणीच्या मुलाला सांगितलं की पडणं वस्तूवर ठरत नाही म्हणून भूमिती चालते, पण लाटेच्या पातळीवर वस्तुमान परत डोकं वर काढतं, म्हणून मला वाटतं की क्वांटम आणि भूमिती ह्यांचं खरं भांडण बघायचं तर कृष्णविवरापर्यंत जायची पण गरज नाही, ह्या टेबलावरच्या प्रयोगात ते दिसतं.

उरलेलं अर्धं म्हणजे त्या मुलीचा खरा प्रश्न, कणाचं स्वतःचं गुरुत्व कुठं असतं. ते मोजायला वस्तू इतकी जड पाहिजे की तिचं ओढणं जाणवेल आणि इतकी हलकी पाहिजे की ती दोन जागी ठेवता येईल. व्हिएन्नात २०२१ मध्ये साधारण ९० मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळीचं गुरुत्व मोजलं, आणि त्याच शहरात २०१९ मध्ये २५ हजार अणुभाराच्या पुढचे मोठे रेणू दोन वाटांनी पाठवून दाखवले. दोन्ही कामं थक्क करणारी आहेत पण दोघांच्या वस्तुमानात एकावर अठरा शून्यं इतका फरक आहे हो! मधली जागा अजून मोकळी आहे.

ती भरायला सौगतो बोस आणि त्यांचे सहकारी, आणि वेगळ्याने मार्लेटो व व्हेड्रल, ह्यांनी २०१७ ला एक प्रयोग सुचवला. एका किलोचे शंभर लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग भरेल एवढे दोन हिऱ्याचे कण घ्यायचे, दोघांनाही दोन-दोन जागी ठेवायचं, आणि मध्ये फक्त गुरुत्व काम करेल असं करायचं. शेवटी ते एकमेकांत क्वांटम रीतीने गुंतलेले निघाले, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याला सोडून सांगताच येत नाही असं झालं, तर गुरुत्वही क्वांटमच्या नियमांनी चालतं असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, म्हणजे भूमितीसुद्धा दोन अवस्थांत एकाच वेळी असू शकते. पेनरोझ ह्यांचं मत उलटं आहे, ते म्हणतात भूमिती असं दोन जागी राहणं सहन करत नाही, वस्तू जड झाली की गुरुत्वच तिला एका जागी बसवतं. ह्या कल्पनेचं जे सगळ्यात सोपं रूप आहे त्यात बारीक किरणोत्सर्ग दिसायला पाहिजे, तो इटलीत ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत शोधला, २०२० मध्ये निकाल आला, दिसला नाही. त्यामुळे ते सोपं रूप बाद झालं, पूर्ण विचार मात्र बाद झालेला नाही.

मुलीला एवढंच सांगा की तुझा प्रश्न अजून जगात कुणी सोडवला नाही आणि तो सोडवायचा प्रयोग काय असावा हे मात्र ठरलंय. आठवीच्या मुलीला ते पुरेसं कळतं.

प्रश्न : मी औंढा नागनाथ जवळचा शेतकरी आहे. आमच्याकडं लायगो होऊ लागलंय, सगळे गुरुत्वाच्या लाटा मोजणार म्हणायलेत. पण तुमच्या लेखात क्वांटम क्वांटम लई येतं, त्याचा आमच्या लायगोशी काही संबंध आहे का?

उत्तर : आहे दादा, आणि लई जवळचा आहे.

औंढ्याचं यंत्र म्हणजे काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आत हवा जवळपास नाहीच, आणि त्यातून लेसरचा प्रकाश जाऊन टोकाच्या आरशावरून परत येणार. लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की काळ-अवकाशाची भूमिती थरथरते, ती थरथर इथं पोचली की एक नळी किंचित लांब आणि दुसरी किंचित आखूड होते. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा हे पकडलं, तेव्हा चार किलोमीटरमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढाही नव्हता. म्हणजे हे यंत्र भूमिती मोजायची पट्टीच आहे म्हणा.

आता क्वांटम कुठं येतं ते बघा. प्रकाश कणाकणाने येतो, फोटॉन म्हणतात, आणि ते एका ठेक्यात येत नाहीत, कधी दोन जास्त कधी दोन कमी, त्यामुळे मोजताना खरखर येते. लेसर जोरात केला तर ही खरखर कमी होते पण मग तेच फोटॉन आरशाला अनियमित धक्के देतात, म्हणजे एक बाजू सावरली की दुसरी सुटते. हे यंत्राचं वंगाळपण नाही, निसर्गाचाच नियम आहे. २०१९ पासून अमेरिकेतल्या यंत्रांत त्यावर एक युक्ती वापरतात, प्रकाशाची अनिश्चितता एका बाजूने दाबायची आणि ज्या बाजूचं आपल्याला काम नाही तिकडं फुगू द्यायची, त्याने आधी ऐकू न येणाऱ्या लांबच्या घटना ऐकू यायला लागल्या. २०२० मध्ये तर त्यांनी दाखवलं की प्रकाशाच्या ह्या क्वांटम धक्क्यांनी ४० किलोचा आरसा हलतो, आणि ते हलणं मोजता येतं. चाळीस किलोची वस्तू!

तुमच्याकडच्या यंत्राला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिली, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यात आहे, इंदूर आणि गांधीनगरच्या संस्थाही आहेत. दुसरीकडच्या यंत्रांपासून हे इतकं लांब असल्यामुळे लाट आकाशात नेमकी कुठून आली ते ठरवणं सोपं जाईल. तिथं जागा शांत पाहिजे, ट्रकची आणि यंत्राची धडधड नको, म्हणून शहरं सोडून औंढ्याकडं आले. माझी मनापासून इच्छा आहे की तिथं काम करणाऱ्यांत हिंगोली, वसमत, कळमनुरीची पोरं-पोरी दिसावीत, नुसत्या गेटवर नाही, आत आरशापाशी.

प्रश्न : ग्रॅव्हिटॉन सापडला का? परीक्षेत ऑप्शन असतात, गोंधळ होतो. (नांदेड)

उत्तर : सापडला नाही. ग्रॅव्हिटॉन म्हणजे गुरुत्वाच्या लाटेचा कण, जसा प्रकाशाचा फोटॉन. असेल तर वस्तुमान शून्य आणि स्पिन २ असावा असं थिअरी सांगते. लायगोने लाट पकडली, लाटेचा एकेक कण नाही, दोन्हीत गल्लत करू नका.

प्रश्न : मी बीडचा निवृत्त मुख्याध्यापक. वाचनात आलं की आता शास्त्रज्ञ उलटं म्हणत आहेत, भूमितीतून क्वांटम नव्हे तर क्वांटममधून भूमिती. आणि ह्यात आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाचं मोठं काम आहे. हे खरं का? माझा नातू बारावीला आहे, त्याला ह्यात जायचंय, त्याने काय करावं?

उत्तर : सर, दोन्ही खरं आहे. अभय अष्टेकर मूळचे शिरपूरचे, खानदेशातले. १९८६ साली त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, आणि त्यावर पुढं लूप नावाची जी थिअरी उभी राहिली तिच्यात क्षेत्रफळ हवं तेवढं बारीक करता येत नाही, त्याचे ठरावीक टप्पे असतात. पुण्यात आयुकाला थानू पद्मनाभन होते, २०२१ मध्ये गेले, त्यांनी अनेक वर्षं हे मांडलं की गुरुत्व मुळातलं नसून वर आलेलं आहे, खाली काहीतरी बारीक घडतंय आणि त्याची सरासरी म्हणून आपल्याला भूमिती दिसते.

ह्या विचाराचं मूळ कृष्णविवरात आहे. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग ह्यांच्या १९७०च्या दशकातल्या कामातून कळलं की कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या घनफळावर नाही तर क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते. क्षेत्रफळ ही भूमितीची गोष्ट, एन्ट्रॉपी ही लपलेल्या अवस्था मोजायची गोष्ट, दोन्ही एकाच समीकरणात बराबर बसल्या! १९९५ मध्ये टेड जेकबसनने हे उलटं चालवलं, एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात आहे असं धरून त्याने आइनस्टाइनचं समीकरणच बाहेर काढलं. मग २००६ ला र्‍यू आणि ताकायानागी ह्यांनी दाखवलं की दोन भाग क्वांटम रीतीने किती गुंतलेत ह्याचं माप म्हणजे एका पृष्ठाचं क्षेत्रफळ. आणि २०१३ मध्ये माल्दासेना आणि ससकिंड ह्यांनी म्हटलं की गुंतलेले कण आणि वर्महोल ही एकाच गोष्टीची दोन रूपं असावीत. आइनस्टाइनने १९३५ ह्या एकाच वर्षात दोन वेगळे लेख लिहिले होते, एक वर्महोलवर, एक गुंतलेल्या कणांवर, ते दोन्ही इथं एकत्र आले.

मला स्वतःला हीच दिशा जास्त पटते, कारण बेलचा अडसर इथं येतच नाही, क्वांटम पहिल्यापासून पायाला आहे आणि भूमिती त्यावर उभी राहते. पण ह्यातली सगळ्यात पक्की गणितं एका विशिष्ट विश्वासाठी आहेत ज्याचा वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेसारखा आकडा) ऋण असतो, आपल्या विश्वाचा प्रसरण वेग वाढतोय म्हणजे आपला धन आहे, त्यामुळे ती गणितं आपल्याकडं जशीच्या तशी चालत नाहीत. तिथं काम शिल्लक आहे, भरपूर.

नातवाला सांगा आत्ताच स्ट्रिंग आणि लूप ह्या क्वांटम गुरुत्वाच्या थिअरींची पुस्तकं घेऊन बसू नको, आधी लिनिअर अल्जेब्रा घासून पक्की कर, मग विशेष सापेक्षता, मग दोन फटींचा प्रयोग गणितासकट, आणि बारावीनंतर आयसर किंवा नायसर ह्या विज्ञान संस्थांची प्रवेशपरीक्षा दे, आणि तिथं नाही लागला नंबर तर चांगल्या कॉलेजातून बीएस्सी करून जॅम ही एमएस्सीची प्रवेशपरीक्षा देता येते. औंढ्याचं काम चालू असतानाच तो शिकून बाहेर पडेल. त्याचं काही अडलं तर त्याला थेट ह्या कॉलमला लिहू द्या, मी उत्तर देईन.